आईचा जांभळा अनारकली

खांदा कॉलनीतल्या घरी कपाट आवरताना डांबरगोळ्यांच्या वासात आईचा जांभळा अनारकली सापडला.

माझ्या लग्नाच्या खरेदीला आम्ही दोघी नेऱ्याहून वांद्र्याच्या बुटिकमध्ये गेलो होतो. आईने त्या ड्रेसच्या जरीवरून हात फिरवला, तशी विक्रेती हसून म्हणाली, "काकू, हा तरुण मुलींसाठी आहे."

"मला होतो का बघते," म्हणत आई तो घेऊन ट्रायल रूममध्ये शिरली. बाहेर आली, आरशासमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "हाच बांधा."

तेव्हा मला तो हट्ट वाटला. आज तिच्या वयाची झाल्यावर तिची ती ताठ मान कळते.

हळदीला तोच घालून ती मांडवात आली. आत्याने सगळ्यांदेखत विचारलं, "या वयात?"

"मंग कवा घालू?" आई म्हणाली आणि नाचायला पुढे झाली.