वरच्या कप्प्यातली टकटक

मामा गेले आणि आत्या पळसदेवात एकटी पडली. तेव्हापासून मी रविवारी बारामतीहून तिच्याकडं जायला लागले. मामा म्हणजे आत्याचे यजमान. उजनी धरणाच्या पाण्यावर आयुष्यभर मासेमारी केलेला माणूस. उन्हाळ्याच्या तोंडाला, एका दुपारी, ते होडीत बसल्या जागीच गेले. होडी वाऱ्यानं सरकत सरकत काठच्या गवतात येऊन अडकली. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, डुलकी लागलीय.

त्यांचे थोरले भाऊ गुजरातेत होते. ते येईपर्यंत थांबायचं ठरलं, म्हणून इंदापूरहून गार ठेवणारी शवपेटी आणली. वर काचेचं झाकण, खाली मोटर. ती मोटर अंगणात घुमत राहिली आणि आत्या उशाला बसून काचेवर साचणारं दव पदरानं पुसत राहिली. काच पुसली की मामांचा चेहरा दिसायचा. जरा वेळानं परत धूसर व्हायचा.

हे आधी सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी आत्याला खुळी म्हणू नये.

मी बारामतीत एका दवाखान्याशेजारच्या औषध दुकानात काम करते. आत्याला साखरेचा आजार. तिचं इन्सुलिन मीच घेऊन जायचे. ऊन वाढत गेलं तशी तिची साखरही वाढत गेली. तोंड सुकलेलं, डोळे आत गेलेले, आणि बोलता बोलता ती मध्येच थांबायची. स्वयंपाकघराकडं कान लावायची. मला वाटायचं, घर सुनं झालंय, दुसरं काय.

एका रविवारी चहासाठी मी फ्रीज उघडला. साधाच फ्रीज, वर बर्फाचा छोटा कप्पा, खाली मोठं दार. खालचं दार उघडलं तर आंबूस वास आला. दूध फाटलेलं. कोथिंबीर काळी पडलेली. इन्सुलिनची बाटली हातात घेतली, ती चक्क कोमट लागली.

“आत्या, फ्रीज बंद होता का गं?”

“न्हाय की. चालूच असतोय.”

“मग आत गार का नाही?”

“वर गार हाय,” ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “वर त्ये असत्यात.”

“कोण असतं?”

तिनं हनुवटीनं भिंतीकडं दाखवलं. हार घातलेल्या फोटोकडं.

 कोमट इन्सुलिन टोचून टोचून साखर वाढलीय आणि त्यानं डोकं भ्रमलंय, असा मी हिशेब केला. तिला पाटावर बसवलं, पाणी दिलं. ती मात्र शांतपणे सांगत होती, जसं कुणी शेजारणीबद्दल सांगावं.

“टकटक करत्यात. दार उघडलं की गप बसत्यात. लावलं की जरा वेळानं पुन्हा.”

“रिपेअरवाल्याला दाखवलंस?”

“आला हुता इंदापूरचा. दार उघडून बसला घटकाभर. त्येला कायच ऐकू आलं न्हाय. माझ्याकडं असं बघत हुता, तुज्यासारकं.”

मला हसू आलं, आणि त्याच वेळी मी तो आवाज ऐकला.

भर दुपार होती. दारातून ऊन पार चुलीपर्यंत आलेलं. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. आणि बंद फ्रीजच्या आतून, वरच्या बाजूनं, टक्, टक्, टक्. एका लयीत. सावकाश नाही, घाईतही नाही. कोणीतरी नखानं फळी वाजवावी तसं. काठ जवळ आला की मामा वल्ह्यानं होडीच्या कडेवर असंच वाजवायचे, म्हणजे आत्यानं पाटी घेऊन खाली यावं. लहानपणी सुट्टीत मीसुद्धा त्या आवाजाला धावत गेलेय.

मी उठले आणि वरचं दार उघडलं. आवाज जागच्या जागी थांबला. आत पांढरा बर्फ, पिशव्या आणि चेहऱ्यावर येणारी गार वाफ. दार लावलं. थोडा वेळ काही नाही. मग परत टक्, टक्, टक्.

पुन्हा उघडलं. गप्प.

आत कोणीतरी श्वास धरून बसावं आणि आपण वळलो की परत सुरू करावं, असं ते होतं. मी दोनचारदा उघडझाप केली. दर वेळी तेच.  मागं आत्या म्हणाली, “ऐकलंस न्हवं? आता तरी खरं वाटतंय का?”

“व्हय,” माझ्या तोंडून तिच्याच बोलीत निघालं.

त्या दिवशी मी ताजं इन्सुलिन शेजारणीच्या फ्रीजमध्ये ठेवलं, आत्याला तिथं जाऊनच घ्यायला सांगितलं आणि एसटीनं परतले.  घरी आल्यावर स्वतःच्या फ्रीजचं दार उघडताना एक पाऊल मागं राहून उघडलं, हेही खरं.

उलगडा दुकानात झाला. आमच्याकडं औषधांचा मोठा फ्रीज आहे. त्याची आतली घरघर दिवसभर इतकी सवयीची झालेली की ऐकूच येत नाही. त्या आठवड्यात एक बाटली काढायला मी दार उघडलं आणि पहिल्यांदाच लक्षात आलं, की घरघर थांबली. दार लावलं, सुरू झाली. मी वाकून चौकटीकडं पाहिलं. दार जिथं टेकतं तिथं एक बारकं बटण होतं. दार लागलं की ते दाबलं जातं आणि आतला पंखा फिरतो. दार उघडलं की बटण सुटतं, पंखा थांबतो.

गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि मी दार उघडून बोटानं बटण दाबत बसले होते.

पुढच्या रविवारी मी पोचले तेव्हा आत्या फ्रीजसमोरच पाटावर बसलेली होती. मी म्हटलं, “आत्या, अशी जवळ ये. तुला एक दाखवते.” ती आली, पण माझ्या पाठीमागं, पदर तोंडाशी धरून. वरचं दार मी सताड उघडलं. आवाज थांबला. चौकटीत चाचपलं तर तसंच बटण होतं, बर्फाच्या कडेत बुडालेलं. मी ते दाबलं.

उघड्या कप्प्यातून, आमच्या तोंडासमोर, टक्, टक्, टक् सुरू झालं. मागच्या पांढऱ्या पत्र्याआडून.

आत्यानं माझा खांदा घट्ट धरला. मला सगळं ठाऊक असूनही माझी मान ताठ झाली. बंद दाराआडचा आवाज एक, आणि रिकाम्या उघड्या जागेतून येणारा आवाज वेगळा.

“पंखा आहे गं आत. बर्फ वाढलाय, त्याला पातं लागतंय. हे बघ, बोट काढलं की थांबतं.”

मी बोट काढलं. थांबलं. दाबलं. सुरू झालं.

आत्या वाकून माझ्या बोटाकडं बघायला लागली. मग हळूच म्हणाली, “म्हंजी तू बोट लावलं की बोलत्यात.”

मी दार लावलं आणि तिला खाली बसवून समजावलं. या फ्रीजमध्ये थंडी फक्त वर तयार होते, त्या पत्र्यामागं. पंखा ती थंडी खाली ढकलतो. बर्फानं वाट बुजली की वर गोठतं आणि खाली दूध नासतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि नेमका प्रश्न विचारला, “मग येवढा बर्फ आला कुठनं?”

तोच शोधायचा होता. मी वरचा कप्पा रिकामा करायला लागले. तळाशी एक काळी पिशवी होती, बर्फाला चिकटून दगड झालेली. तिचं टोक दाराच्या रबरापर्यंत आलं होतं. तेवढ्यानं दार नीट बसत नव्हतं. त्या फटीतून दमट हवा आत जायची आणि तिचा बर्फ व्हायचा. आणि पातं वाजायला लागल्यापासून आत्या दिवसभर दार उघडत होती. म्हणजे आणखी हवा, आणखी बर्फ, आणखी टकटक. तिनं दार उघडायचं आणि त्या उघडण्यानंच मामांनी तिला परत बोलवायचं.

मी पिशवी ओढली तशी ती ओरडली, “ती नगं काढूस!”

“काय आहे यात?”

“चिलापी. त्येंनी आणलेली.” मग खाली बघत म्हणाली, “त्या दिवशी सकाळी. दुपारी परत जातो म्हणालं, आन् गेलं.”

इतके महिने ते मासे तिथं होते. ती शिजवत नव्हती आणि टाकतही नव्हती.

मी वायर काढली. दोन्ही दारं उघडी टाकली, खाली परात ठेवली आणि वरच्या कप्प्यात गरम पाण्याचं पातेलं ठेवलं. आत्या बर्फ खरवडायला सुरी घेऊन आली, तिला थांबवलं. आतली नळी फुटली तर फ्रीजच संपला. मग आम्ही दोघी समोर बसून राहिलो. पाणी ठिबकत होतं. जरा वेळानं पत्र्यामागून आवाज आला. ठक्. थोडं थांबून परत, ठक्.

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. “वायर तर काढलीस तू.”

“बर्फ सुटून पडतोय.”

“असंल,” ती म्हणाली.

बर्फच होता. नंतर मोठा तुकडा घसरून परातीत आला. पण तो येईपर्यंत आम्ही दोघीही हलत नव्हतो.

उन्हं कलल्यावर ती स्वतःच म्हणाली, “चल, पोचवून येऊ त्येंना.” पिशवी फाडून तो गोठलेला गठ्ठा पाटीत घेतला आणि आम्ही पाण्यावर गेलो. पाणी खूप मागं हटलं होतं. लांब धरणात बुडालेल्या जुन्या देवळाचा कळस उघडा पडला होता. भेगाळलेल्या गाळातून चालत आम्ही काठ गाठला. आत्या गुडघाभर पाण्यात शिरली आणि गठ्ठा अलगद सोडला.

तो बुडाला नाही. बर्फच तो, तरंगला. सगळे मासे एकमेकांना बिलगून, पांढऱ्या डोळ्यांनी वर बघत, हळूहळू फिरत राहिले. कोमट पाण्यानं बर्फ सुटत गेला. मग एक मासा वेगळा झाला, कुशीवर वळला आणि खाली गेला. मग दुसरा. पोहून जावेत तसे एकेक करून ते खाली गेले. पाण्यावर काहीच उरलं नाही, तेव्हा आत्या मागं वळली. रडली नाही. एवढंच म्हणाली, “पाणी तळाशी गार असतंय.”

मी मुक्काम केला. सकाळी खालच्या कप्प्यातलं पाणी दाताला लागेल इतकं गार झालं होतं आणि फ्रीज अगदी बारीक आवाजात चालला होता. पुढं महिन्याभरात आत्याची साखरही उतरली. चेहऱ्यावर तेज आलं. फक्त एकदा म्हणाली, “घर लई गप झालंय.”

डॉक्टरांना दाखवायला मी तिला बारामतीला आणत होते तेव्हाची गोष्ट. एसटीत खिडकीशी बसलेली. बाहेर उसाचे फड मागं पळत होते. अचानक म्हणाली, “पंख्याचं मला पटलंय गं. पण मी त्येंना इचारायची.”

“काय विचारायचीस?”

“त्येंचं नवं जाळं घरात न्हवतं. कुणाकडं दिलंय, ठावं न्हवतं. मग मी फ्रीजम्होरं बसून गावातल्या एकेकाचं नाव घ्यायची. टकटक चालूच असायची. एका नावाला थांबली. दार लावल्यालंच हुतं.”

मला माहीत होतं, फ्रीज पुरेसा गार झाला की मोटर आपोआप थांबते आणि तिच्याबरोबर पंखाही थांबतो. पण त्या फ्रीजमध्ये तेव्हा खाली दूध नासत होतं. म्हणजे तो गार होऊन थांबला, असं म्हणायला जागा नव्हती.

“मग?”

“मग दुसऱ्या दिशी त्येच्या दारात गेली. उंबऱ्याशी हुबी ऱ्हायली. मी तोंड उघडायच्या आदी त्यो आत गेला, आन् जाळं आणून माझ्या पुढ्यात ठिवलं. नजर वर केली न्हाय त्यानं.”

“कोण गं तो?”

आत्यानं पदर सावरला. “नाव घ्यायचं न्हाय आता. परत दिलं त्यानं. झालं.”