कार्डामागचं नाव

“रोझी साळवे कोण?” मॅडमनी कार्ड उलटं धरून विचारलं.

कल्याणीनगरच्या त्यांच्या बंगल्यात, जेवणाच्या टेबलावर आम्ही नाताळची कार्डं बनवत होतो. पुण्यात सॉफ्टवेअरच्या कंपन्या नव्याने वाढत होत्या. परदेशातल्या ग्राहकांना हाताने केलेली कार्डं पाठवायची त्यांना हौस. ऑर्डर मॅडम आणायच्या. कापणं, दुमडणं, चिकटवणं आम्हा येरवड्याच्या बायकांकडे.

नमुने बहुतेक इंटरनेटवरचे. पण प्रत्येक कार्डाच्या मागे मूळ कारागिराचं नाव मॅडम लिहायला लावायच्या. इंग्रजीत, पेन्सिलने, बारीक अक्षरात : अमुक बाई, अमेरिका, यांच्या नमुन्यावरून. “कल्पना दुसऱ्याची असेल तर सांगायचं. न सांगणं म्हणजे चोरी.” हे मला त्यांनीच शिकवलं. मला ते पटलं होतं.

त्या वर्षी एका कंपनीने पसंत केलेलं कार्ड माझं होतं. जुन्या लग्नपत्रिकांच्या सोनेरी कागदाची चांदणी, कार्ड उघडलं की उभी राहणारी. तशा चांदण्या आमच्या गल्लीतली रोझीमावशी दर नाताळला दारावर लावायची. मला सुचलं ते तिच्यावरून. म्हणून मागे लिहिलं : रोझी साळवे, येरवडा, यांच्या नमुन्यावरून.

“येरवडा?” मॅडम हसल्या. “अगं, लोकांना वाटेल कैद्यांनी केलीत. ह्यांचा स्टुडिओ कुठेय, भिंतीच्या आत की बाहेर?”

टेबलाभोवतीच्या बायका हसल्या. त्याही येरवड्याच्याच.

खाली सतरंजीवर एक बाई कागद कापत होती. ऑर्डर मोठी, म्हणून तिला मीच कामावर आणलं होतं. ती उठून उभी राहिली.

“मीच रोझी, बाई.”

मॅडमचा आवाज चढला नाही. त्यांनी ड्रॉवरमधून खोडरबर काढलं आणि तिच्यापुढे धरलं.

“बरं झालं, आहात ते. तुम्हीच पुसा. नाव तुमचंच आहे.”

मावशीने रबर घेतलं. तिला वाचता येत नव्हतं.

“यातलं माझं कुठलं गं?” तिने मला विचारलं.

मी बोट ठेवून दाखवलं.

ती पुसायला लागली. चांदणी चेपू नये म्हणून कार्ड तळहातावर अलगद धरून. रबराचा चुरा पदराने झाडत. एक झालं की दुसरं. प्रत्येक कार्डावर मी बोट ठेवत होते.

“मॅडम, अमेरिकेच्या बाईचं पण पुसायचं का?”

“ती आर्टिस्ट आहे. उगाच बरोबरी करू नकोस.”

“आणि मावशी?”

“मावशी मावशी आहेत.”

मावशीने पुढचं कार्ड उचललं. माझ्याकडे पाहिलं.

“दाखव ना.”

मी दाखवलं नाही. तिच्या हातातलं रबर काढून घेतलं. मॅडमच्या पुढ्यात ठेवलं.

“तुम्हाला वाचता येतं. तुम्ही पुसा.”

आता कोणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा लावला, रबर उचललं आणि पुसायला घेतलं. मान वर न करता म्हणाल्या, “उद्यापासून दोघीही येऊ नका.”

फाटकाबाहेर आल्यावर मावशी माझ्यावर उखडली. “नाव माझं. पुसत मी होते. तुझं काय जात होतं? काम घालवलंस माझं.”

ती खरं बोलत होती. काम मीच घालवलं होतं. त्या नाताळला तिने मला घरी बोलावलं नाही. चांदणीची कार्डं परदेशी गेली. मागे कोरी.

पुढेही बऱ्याच टेबलांवर काम केलं. पुसायला सांगणारे सगळीकडे भेटले. बहुतेक जण गोड बोलणारे. त्यांना पुसायचं असेल तर त्यांनी पुसावं, त्यांच्या हाताने, माझ्यासमोर. कुणाचं नाव मिटवायला माझी मदत मिळणार नाही. मागणारी रोझीमावशी असली, तरी नाही.