जर्मनीवाल्या सरांचे सात विद्यार्थी

मोहिद्दीन बागवान सरांना सव्वीस वर्षं एकच प्रश्न पुरून उरला होता: "सर, तुमी जर्मनीला कवा जाऊन आला?" अहो, कधीच नाही! तासगावच्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याचं हे पोर. दर शनिवारी एसटीनं पुण्याला जाऊन जर्मन शिकलं, अकरा वर्षं घासून जर्मन तत्त्वज्ञानात पीएचडी केली आणि कऱ्हाडच्या एका कॉलेजात चिकटलं. वडील मरेपर्यंत म्हणत, "त्या लोकांनी एकदा इचार केलाय न्हवं? मग तू परत कशाला करतोस?"

यंदा मात्र नाकातोंडात पाणी जायची वेळ आली. प्राचार्यांनी बजावलं, तीस जूनपर्यंत पहिल्या वर्षाला सात पोरं भरली नाहीत तर तत्त्वज्ञान विभाग बंद. मग काय, दरवर्षीची वरात! बाकीच्या प्राध्यापकांसारखे सरही प्रवेशाचे फॉर्म काखेत मारून दारोदार फिरले. चहा लय मिळाला, पोरं मिळाली नाहीत. "ते शिकून पोरगी करंल काय?" ह्याला उत्तरं देऊन देऊन घसा बसला.

शेवटी मलकापुरात दगडाबाईंच्या दारात नशीब उघडलं. सरांच्या कार्डावर 'जर्मन' वाचून त्यांची नात सोनिया टुणकन उठली. जर्मनीला नर्स लागतात, ड्रायव्हर लागतात, भाषा आली की व्हिसा मिळतो, हे गावभर झालं होतं. "आवं सर, आदी सांगायचं न्हाई व्हय!" म्हणत दगडाबाईंनी तिथंच फॉर्म भरायला लावला. चार दिवसांत तिच्यामागून आणखी सहा जणं आली.

सर सगळ्यांना खरं सांगायला निघाले, तर प्राचार्य उखडले. "तीस तारखेपर्यंत गप्प बसा हो! तेवढंही जमत नाही?"

जमलं. घरी बायकोवर, रहिमतबीवर, उगाच खेकसले, रात्रंदिवस चरफडले, पण गप्प बसले.

एक जुलैला वर्गात त्यांनी सांगून टाकलं: इथं भाषा शिकवत नाहीत, व्हिसाबिसा काही मिळत नाही. सातही तोंडं उतरली. सगळ्याच कॉलेजांचे प्रवेश आदल्या दिवशी बंद झाले होते. सोनियानं विचारलं, "सर, हे तुमाला काल म्हाईत नव्हतं?"

स्वतःवरच चिडून सरांनी टिपणांची वही उघडली. पहिला धडा होता: आपलं काम साधायला दुसऱ्या माणसाला वापरून घेऊ नये. तो त्यांना तोंडपाठ होता.

त्यांनी पानं उलटली आणि दुसऱ्या धड्यापासून सुरुवात केली.