एका पायावरची बाहुली

दुष्काळी वर्षातला संक्रांतीनंतरचा सोमवार. केजला दूध संस्थेच्या ओस खोलीत मी, धाकटी जाऊ आणि मोटार वाइंडिंगवाले मामा. संध्याकाळच्या सभेसाठी पाणीबचतीची फिल्म हवी होती. जळक्या मोटारीच्या तारेची बाहुली फळीवर उभी करून, जराशी हलवून एकेक फोटो काढत आम्ही चालवत होतो. ती पडू नये म्हणून टेकलेलं पाऊल फळीखालून नटाने आवळायचं. ती एका पायावर असतानाच घोट्याची तार तडकली. "लई वाकली, आता न्हाई टिकत," मामा म्हणाले. धरावं तर फोटोत हात येणार, सोडावं तर ती पडणार. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. "अक्का, चला की, पाणी संपंल!" जाऊ म्हणाली. "हिला सोडू कशी?" "मग तिलाच धाडा पाण्याला!" म्हणत ती हंडे घेऊन पळाली. मी धरूनच बसले. सभेआधी नवी तार घालणं जमलं नाही; सभेत फिल्म तिथंच, एका पायावर थांबली. बाहुली आज माझ्या कपाटात आहे. नवी तार घालून तिचा दुसरा पाय टेकवायचं काम अजून बाकी आहे.