कायमचा ठोकळा

नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून आयुष्य काढलेल्या कांताबाई रिटायर झाल्या आणि कॅनडात वॉटर्लूला लेकीकडे आल्या, ते २००९ साल. धम्मप्रिया सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिच्या लॅपटॉपवर इंग्रजी ओळी सरकायच्या आणि कांताबाई खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहावं तशा त्यांच्याकडे पाहत बसायच्या. सुंदर होतं सगळं, पण परकं.

एका शनिवारी धम्मप्रिया त्यांना लायब्ररीत घेऊन गेली. तिथं पडद्यावरचे रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून प्रोग्रॅम करायला शिकवत होते. कांताबाईंनी एक बदक निवडलं, ठोकळे जोडले आणि बदक चालायला लागलं. त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्याच.

"मी सांगितलं म्हणून चाललं हे?"

"हो आई."

"मग मराठीत नाही सांगता येत त्याला?"

येत होतं, पण अर्धवट. ठोकळ्यांवरचे शब्द ठिकठिकाणची माणसं हौसेनं आपापल्या भाषेत आणत होती. मराठीचं काम कुणीतरी मध्येच सोडलेलं. होतं तेवढं वाचून कांताबाईंना हसू फुटलं. "'पुनरावर्तन करा' म्हणे! असं कोण बोलते बापा?"

मग तो सगळा हिवाळा मायलेकी शब्दांत बुडाल्या. बाहेर बर्फ पडत राही, बेसमेंटमध्ये घर तापवणारी फर्नेस घुमत राही, आणि कांताबाई येरझाऱ्या घालत एकेक शब्द जिभेवर घोळवत राहत. 'पुन्हा कर.' 'जर.' 'नाहीतर.' कानाला हेडफोन लावल्यासारखं त्यांना वाटे. पलीकडे कुणीतरी बाई लाइन जुळायची वाट पाहतेय.

एका ठोकळ्याशी गाडी अडली. इंग्रजीत त्यावर 'फॉरएव्हर' होतं, म्हणजे आतलं काम न थांबता करत राहायचं. धम्मप्रिया म्हणाली, "अनंतकाळ?"

"बदक अनंतकाळ चालते का? 'कायम' लिही."

एप्रिलमध्ये कम्युनिटी हॉलमध्ये आंबेडकर जयंती झाली. जेवणं उरकल्यावर कांताबाईंनी कोपऱ्यात लॅपटॉप उघडला. मंडळातल्या सुहासिनीताईंनी कधी माउसलाही हात लावला नव्हता. त्या लांबूनच बघत होत्या. कांताबाईंनी त्यांना ओढून बसवलं. सुहासिनीताईंनी ठोकळे वाचले, जोडले, आणि निळ्या पाण्यात एक मासा पोहू लागला.

"कायम म्हणजे, थांबणारच नाही हा?"

"तुम्ही म्हणाल तेव्हा थांबेल."

हॉलमधल्या खुर्च्या आवरायला सुरुवात झाली. सुहासिनीताईंचे मिस्टर कोट घालून दाराशी उभे राहिले. सुहासिनीताईंनी मात्र माशाला थांबवलं नाही.