तीन दातांचा काटा

आमच्या हा-राफुथी गावात ओल्या भिंतीवर खाचांची नक्षी ओढणाऱ्या बायका पन्नास तरी असतील. त्यातल्या एकोणपन्नास नुसत्या रेघोट्या मारतात. उरलेली एक म्हणजे माझी धाकटी बहीण मोदिएही. बहीण आहे म्हणून सांगत नाही. शाळा तिसरीपर्यंतच झाली, पण सोळा वर्षं सोन्याच्या खाणीत काढलीत, सरळ रेघ मला कळते.

मोदिएही या नावाचा अर्थच उशीर झालेली. जन्मालाच उशिरा आली आणि पुढे कधी कशाची घाई म्हणून केली नाही. नऊ वर्षांची असताना तिनं आमच्या डुकरांच्या खुराड्याला नक्षी काढली. दोन दिवस लागले. डुकरांनी अर्ध्या तासात खाजवून पुसली, तर बाईसाहेब शेण कालवून परत बसल्या. तेव्हाच मी आईला म्हणालो, ही माझ्यावर गेलीय.

काम दिसायला सोपं. शेणमातीचा हात ओला असतानाच चौकोन आखायचे, चौकोनाचे चार भाग करायचे, आणि प्रत्येकात जेवायच्या काट्यानं पान असं ओढायचं की शेजारचं पान आरशातलं वाटावं. लांबून नांगरलेलं शेतच. तिचा काटा जाड, चार दातांचा. तो मी खाणीच्या खानावळीतून आणला. कोणी त्याला चोरी म्हणेल. सोळा वर्षं त्यांचं शिळं खाल्लं, एक काटा माझा होतोच.

लग्न झालं आणि ती सासूच्या चुलीला बांधली गेली. सासू मा-लेफा. तोंड असं की गाईसुद्धा तिच्याकडे पाठ करून रवंथ करतात. नवरा लेफा दूर शहरात कामाला, आईसमोर मुका. आठ वर्षं मोदिएही तिच्याच हाताखाली रांधत होती. वेगळं घर मागितलं की म्हातारीचे गुडघे दुखायला लागायचे. शेवटी म्हातारीच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं सगळ्यांसमोर शब्द दिला. शनिवारी नवऱ्या मुलाकडचे लोक मुलीच्या मोबदल्यातल्या गाई घेऊन येणार, तोवर सुनेनं घराची पुढची भिंत नक्षीनं भरायची. त्यांनी भिंतीला नाव ठेवलं नाही, तर वेगळ्या घराला जागा देईन. ठेवलं, तर परत विषय काढायचा नाही.

मीही, बिअर प्यायला बसलो होतो तिथे, सांगून टाकलं की अशी भिंत तुमच्या आज्यांनी पाहिली नसेल.

गुरुवारी दुपारी पाऊण भिंत झाली होती. मोदिएही पाणी आणायला गेली. मी देखरेख करत होतो. देखरेखीनं भूक लागते. माशाचा डबा होता, उघडायला काही नव्हतं, काटा धुतलेला समोरच पडला होता. डबा उघडला. काट्याचा दुसरा दात आत राहिला.

ती आली, काटा पाहिला, डबा पाहिला, मला पाहिलं. मी म्हणालो, शेजारणीचा काटा आणतो. पण गावातले बाकी काटे बारीक, दात जवळजवळ. झालेली भिंत एका हाताची आणि उरलेली दुसऱ्या हाताची दिसली असती.

"मासा चांगला होता का, दादा?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, जरा खारट.

तिनं फावडं उचललं आणि झालेली सगळी भिंत खरवडायला लागली. दोन दिवसांचं काम खाली पडलं. मग बादली माझ्या हातात दिली. "शेण लागेल. पाणीपण. आणि बोलायचं नाही."

आमच्याकडे या कामाला पुरुष हात लावत नाही. मी शुक्रवारी अंधार पडेपर्यंत शेण वाहिलं, तेही बिअरवाल्या बाकड्यासमोरून. तिथल्या एकानं टोपी काढून मुजरा केला आणि विचारलं, वहिनी, लग्न कुणाकडे? मला बोलायला बंदी होती, बादली दुसऱ्या हातात घेऊन पुढे निघालो.

तीन दातांच्या काट्यानं तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत भिंत ओढली. तुटलेल्या दाताच्या जागी प्रत्येक पानात एक रुंद सपाट पट्टी राहिली, पानाच्या शिरेसारखी. शनिवारी सकाळी तिरपं ऊन पडलं आणि खाचांत सावली बसली, तेव्हा मा-लेफासुद्धा चपला घालायचं विसरून अंगणात उभी राहिली.

नवऱ्या मुलाकडची म्हातारी आत्या गाई सोडून भिंतीपाशी गेली. खाचेतून बोट फिरवत म्हणाली, "ही मधली मोकळी वाट कशाची गं? आमच्याकडे अशी नसते."

म्हातारी सासू माझ्या बहिणीकडे बघत होती. मीसुद्धा. खोटं सांगायला दहा गोष्टी होत्या, मीच तिला सकाळी चार शिकवल्या होत्या.

"माझ्या दादाला भूक लागली होती," मोदिएही म्हणाली आणि सगळं सांगितलं, डब्यासकट.

आत्या हसता हसता भिंतीला टेकणार होती, मा-लेफानं तिला दंडाला धरून मागे ओढलं. "भिंतीला हात नको. माझ्या सुनेचं काम आहे," म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अहो पाहुणे, तो गाईंचा गोठा दिसतो का? त्याच्या पलीकडे पाया खणायचाय. उद्यापासून या. जेवून या."

पाया मीच खणला. गावात आता पाच बायकांनी आपापल्या काट्याचा दुसरा दात मोडून घेतलाय. नक्षी मोदिएहीची असली तरी सुरुवात माझी, हे लोकांनी विसरू नये.

तिच्या नव्या घरात मला मान आहे. भिंतीजवळची खुर्ची माझी, मांसाचा पहिला वाटा माझा. फक्त मांस चमच्यानं खावं लागतं.