टीव्हीवरची शाबासकी

"वाजवा बे, वाजवा! काहून थांबून राहिले?"

वस्ताद प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभे राहून ओरडत होते. खुर्चीचे मागचे पाय केव्हाच फाकले होते, तरी वस्ताद पडले नाहीत. पडण्याची त्यांच्या घराण्यात पद्धतच नव्हती. त्यांच्या आरोळीसरशी रांझीतल्या आमच्या गल्लीत ढोल असा कडाडला, की तिकडे खमरियाच्या क्वार्टरांत बायकांनी आभाळ गडगडलं समजून दोरीवरचे कपडे आत घेतले. बरगीच्या धरणात त्या संध्याकाळी मासे उलटे पोहले, असंही मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं आणि कुणी नाही म्हटलं नाही.

ओट्यावर मांडलेल्या टीव्हीत वस्तादांचा मुलगा उताणा पडला होता. त्याचा एक हात समोरच्या गोंदवलेल्या पोरानं दोन मांड्यांत धरून सरळ ताणला होता, आणि दुसऱ्या हातानं आमचा गडी त्या पोराच्या मांडीवर थापट्या मारत होता. गल्लीनं ते पाहिलं आणि गल्ली नाचायला लागली.

नाचत नव्हता तो एकच माणूस, आणि तोच टीव्हीतही होता. सगळ्यांच्या मागे, उपड्या बादलीवर, स्टीलच्या ग्लासातला चहा फुंकत तो बसला होता. मी शेजारीच होतो, म्हणून मला ऐकू आलं. ग्लासात तोंड घालून तो म्हणाला, "होते असं."

आता तुम्ही म्हणाल, माणूस एकाच वेळी टीव्हीत आणि बादलीवर कसा? तर ती कुस्ती, म्हणजे ती लाथा-बुक्क्या आणि कुस्ती यांची मिसळ, मुंबईत आधीच होऊन गेली होती. टीव्हीवाले ती नंतर दाखवणार होते. तोवर निकाल कुणाला सांगायचा नाही, असं त्याच्याकडून लिहून घेतलं होतं. सख्ख्या बापालाही नाही. तो परत आला तेव्हा एक डोळा वांग्यासारखा झाला होता. लोकांनी विचारलं, तो म्हणाला, "सांगता येत नाही जी." त्याचं ते गप्प राहणं गल्लीनं आपल्या मनासारखं वाचून घेतलं. हरलेला माणूस तोंड लपवते, हा तर दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर आला, असा हिशेब.

आणि त्या थापट्यांचं असं, की आमच्या आखाड्यात कुस्ती सुटली म्हणजे जिंकलेला गडी हरलेल्याच्या पाठीवर, मांडीवर थापटतो. मागच्या रांगेत बसून ज्याला काही दिसत नाही, तोही थापटणारा हात पाहून सांगतो कोण जिंकलं ते. हरलेल्यानं कुणाला शाबासकी दिली, असं रांझीच्या मातीत कधी झालंच नाही. पहिल्यांदा त्याची पाठ टेकली तेव्हा गल्लीचा श्वास अडकला होता. पण पंच काही बोलेना, तेव्हा वस्तादांनीच खुलासा केला, की या खेळात पाठ टेकलेली चालते. त्यानंतर आम्ही सगळेच या खेळातले पंडित झालो होतो.

मग पंचानं त्या गोंदवलेल्या पोराचा हात वर केला. ढोल एकेक करून बंद पडले.

कॉलेजात जाणारा एक पोरगा हळूच म्हणाला, "उस्तादजी, भैया ने टॅप किया. मतलब, छोड़ दिया."

वस्ताद त्याच्याकडे असे पाहायला लागले, की तो पोरगा तिथल्या तिथे चार इंच आखूड झाला. आजही तो बुटकाच आहे, येऊन पाहा. मग वस्ताद खुर्चीवरून उतरले आणि एकच शब्द बोलले, "बेईमानी."

झालं. सकाळपर्यंत रांझीभर झालं, दुपारपर्यंत आमच्या सरकारी दारूगोळ्याच्या फॅक्टरीच्या कँटीनमध्ये, आणि मी जरा मदत केल्यावर संध्याकाळपर्यंत पार शहरातल्या सदर बाजारात. पंचानं तोंड फिरवलं होतं. पंच त्या पोराचा मामा होता. पंचाला दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू होता. हा शेवटचा शोध माझा.

तुम्ही वस्तादांच्या पोराला पाहिलं असतं तर तुमचाही विश्वास बसला असता. मान अशी, की बैलानं पाहिली असती तर जू काढून त्याच्या हवाली केलं असतं. आम्ही दोघं फॅक्टरीत एकाच शॉपमध्ये, तो लेथवर, मी गप्पांवर. आमची सगळी वस्ती तशीच. राज्यांची वाटणी झाली तेव्हा नागपूर तिकडल्या मराठी राज्यात गेलं, आमचे आजे नोकरीला चिकटून इकडेच राहिले, आणि घरात मराठी, दारात हिंदी अशी आमची वरात चालू झाली. वस्ताद फॅक्टरीतून निवृत्त झाले ते थेट आखाड्यात जाऊन बसले. आणि पोराला आठवतं तेव्हापासून तो त्या लाल मातीत होता.

पस्तिशी जवळ आल्यावर कुस्तीतली पोरं त्याच्यावर चढायला लागली. तेव्हा शहरातल्या एका जिमवाल्यानं त्याला या नव्या खेळात ओढलं. बापलेकांत पहिलं भांडण झालं ते खुराकावरून. वस्तादांच्या घरात दूध-बदाम, माळकरी शिस्त. जिमवाल्यानं सांगितलं, उकडलेले मासे. मग वहिनी, म्हणजे त्याची बायको, व्हरांड्यात वेगळी शेगडी मांडून बरगीचे मासे उकडायची, बिनमिठाचे, आणि वस्ताद तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बदाम सोलायचे. दोन्ही खुराक त्याच्याच पोटात जायचे. कुणालाच नाही म्हणणं त्याला जमत नसे.

मुंबईच्या कुस्तीआधी टीव्हीवाले त्याचं आयुष्य टिपायला आले, तेव्हाही तसंच. फॅक्टरीच्या फाटकाशी कॅमेरा न्यायला बंदी, म्हणून त्यांनी त्याला ग्वारीघाटावर ट्रकचं टायर ओढत पळवलं. त्यानं जन्मात टायर ओढलं नव्हतं. घाटावरचे भिकारीसुद्धा उठून बाजूला झाले. मग आखाड्यात येऊन त्यांनी वस्तादांना मुलाच्या खांद्यावर माती टाकायला सांगितली. ऊन सरकलं म्हणून पुन्हा टाकायला सांगितली. माशी आली म्हणून आणखी एकदा. वस्तादांनी दर वेळी डोळ्यांत तेवढंच पाणी आणलं. शेवटी तो मातीनं इतका माखला, की लोकांना वाटलं गणपतीच्या कारखान्यातून पळून आला.

"थकत नाही का बे तू?" मी त्याला विचारलं होतं.

"होते असं," तो म्हणाला, आणि बसमध्ये दांड्याला धरून उभ्या उभ्या झोपला. खरं सांगतो, यात माझ्या पदरचं काही नाही. रात्रपाळी करून, सकाळी आखाडा, दुपारी जिम करून येणारा तो माणूस रांझी ते खमरिया उभा झोपायचा, आणि स्टॉप आला की आपोआप जागा व्हायचा. घोडा असं करतो म्हणतात. मी घोड्याच्या इतक्या जवळ कधी राहिलो नाही.

ती कुस्ती गल्लीनं पाहिल्यानंतर मला वाटलं, सुटला बिचारा. पण वस्तादांची बेईमानी दिवसेंदिवस वयात येत होती. येईल त्याला ते ती गोष्ट सांगत. पोरं रोज संध्याकाळी आखाड्यात जमत आणि वस्ताद मोबाइलवर तीच थापटी दाखवत. "पाहा, हा शाबासकी देऊन राहिला आणि पंच आंधळा." मग एक दिवस त्यांनी जाहीर केलं, की नागपंचमीच्या दंगलीत, म्हणजे कुस्त्यांच्या फडात, मुलगा मातीत उतरणार, आणि त्यानंतर पुन्हा मुंबईला जाऊन त्याच पोराकडून बेईमानीचा बदला घेणार. जिमवाल्याशी त्यांनी स्वतः बोलणं केलं. ज्या माणसाशी ते माशांवरून वर्षभर बोलले नव्हते, त्याच्याशी.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तो उभा होता, पण झोपला नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "बेईमानी काही झाली नाही."

मला ठाऊकच होतं, मी म्हटलं. हात मोडायला आला असता कोण थापटणार नाही?

"तेच तर," तो म्हणाला. "हात काही मोडून नव्हता राहिला. अजून पुष्कळ ताणता आला असता. मला दोन-तीन तोडही येत होते त्याच्यावर. पण खाली पडलो ना, तर बरं वाटलं जी. खाली गार होतं, एसी होता. वरती लाइट. म्हटलं, आता उठलो तर पुन्हा उभं राहा लागेल." खिडकीतून तो बाहेर पाहत होता. "मग थापटलं."



बाबांना सांगशील का, मी विचारलं. तो म्हणाला, सांगितलं नाही तर नागपंचमी, मग मुंबई, मग आणखी कुठे. मार खायला तो भीत नव्हता. ती बेईमानी जोवर खरी होती, तोवर त्याची सुटका नव्हती, एवढंच त्याचं दुखणं. आणि ती खोटी केली, तर बापाजवळ काय उरेल, हेही त्याला दिसत होतं.

रविवारी सकाळी मला तो आखाड्यात घेऊन गेला. एकट्याला जायची हिंमत नव्हती. एवढी मान, एवढे दंड, आणि सोबतीला मी, ज्याला उंबऱ्याला ठेच लागली तरी ताप येतो.

वस्ताद एकटेच माती भिजवत होते. त्यानं उभ्या उभ्या सांगून टाकलं. "बाबा, ते शाबासकी नव्हती. या खेळात सोडतो म्हणायचं असलं तर थापटतात. मी सोडलं."

वस्तादांनी हातातली झारी खाली ठेवली. मग म्हणाले, "काय लावला होता त्यानं, दाखव." आणि माझ्याकडे बोट केलं. "याला लावून दाखव."

मी मातीत पडलो. त्यानं माझं मनगट धरायला हात पुढे केला, आणि मी थापटायला लागलो. त्याच्या मांडीवर, मातीवर, स्वतःच्या पोटावर, जिथे हात पोचेल तिथे. अजून त्याचं बोटही मला लागलं नव्हतं. वस्ताद म्हणाले, "ऊठ बे, भुरट्या," आणि बंडी काढून माझ्या जागी स्वतः आडवे झाले.

"लाव."

"बाबा, राहू द्या."

"लाव म्हटलं ना."

त्यानं बापाचा हात दोन मांड्यांत घेतला. मी तिथेच उभा होतो, म्हणून सांगतो, एखाद्यानं तान्ह्या लेकराचा हात झबल्याच्या बाहीत घालावा तसा घेतला. मग जरासा मागे रेलला. वस्तादांचा म्हातारा हात सरळ झाला, कोपराशी शीर उभी राहिली. वस्ताद आभाळाकडे पाहत होते. तो आणखी थोडा मागे गेला. वस्तादांच्या कपाळावर घाम आला, दुसरा हात मातीत रुतला, पण वर उठला नाही.

"एवढंच?" वस्ताद दातांत म्हणाले. "एवढ्याला कोणी सोडते का?"

त्यानं बापाचा हात सोडून दिला. सोडला आणि तसाच मातीत बसून राहिला, गुडघे जवळ घेऊन.

"याच्याहून कमी होतं, बाबा," तो म्हणाला.

वस्ताद उठून बसले. कोपर चोळत मुलाकडे पाहायला लागले. इतकी वर्षं त्यांनी त्याचे दंड पाहिले, मान पाहिली, पवित्रा पाहिला. त्या दिवशी ते त्याचा चेहरा पाहत होते. डोळ्यांखाली काळं झालेलं होतं, आणि ते काही कुणी मारल्यामुळे नव्हतं. मला उगीच तिथे नकोसं झालं. मी झारी उचलली आणि भिजलेलीच माती पुन्हा भिजवली.

बंडी अंगात घालत वस्ताद म्हणाले, "जा. आंघोळ कर. ड्यूटी आहे ना तुझी?"

"आज रविवार आहे, बाबा."

"मग झोप जाऊन."

तो उठला आणि गेला. त्या दिवशी तो किती झोपला याची मी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळी माहिती दिली आहे. वहिनी एवढंच म्हणाल्या, की जेवायलाही उठवलं नाही, बाबांनीच उठवू दिलं नाही, दाराशी बसून राहिले.

नागपंचमीला तो दंगलीत उतरला नाही. पोरांच्या कुस्त्या लावायला उभा होता, पायजमा-कुडत्यात. पुढे त्यानं बदली मागून घेतली आणि दुसऱ्या गावच्या फॅक्टरीत गेला. तिथे सरकारी क्वार्टर मिळालं, मागे जागा आहे, वहिनींनी भाज्या लावल्या आहेत. बसमधला त्याचा दांडा आता कुणीही धरतो. मी तरी तिथे उभा राहत नाही.

गोष्ट मात्र शहरात राहिली. मी पेरलेली होती, इतक्यात मरणार थोडीच. परवा रांझीच्या तिठ्यावर मी आणि वस्ताद चहा घेत होतो, तर घमापूरकडचा एक माणूस मोटारसायकल थांबवून आला. वस्तादांच्या पाया पडला आणि म्हणाला, "वस्ताद, तुमच्या पोराला टीव्हीवर बेईमानी करून हरवलं ना जी? पंचाला मोतीबिंदू होता म्हणे."

मी बिस्किटाकडे पाहत राहिलो.

वस्तादांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"नाही जी," ते म्हणाले. "दमला होता तो."